'गौतम' : गोत्र जेव्हा पाळण्यात येते

शहागड हे गाव गोदावरीच्या काठावर आहे. अंबड तालुक्यातले हे शेवटचे टोक. औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, बीडकडे निघालेला माणूस येथे पूल ओलांडतो आणि पलीकडे गेवराईच्या हद्दीत पाय ठेवतो. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला, तोवर हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. त्याआधी 17 सप्टेंबर 1948 पर्यंत येथे निजामाची सत्ता होती. गावाच्या नावातच एक शब्द फारसीचा आणि एक इथल्या मातीचा आहे. नदीच्या वरच्या अंगाला पैठण, सातवाहनांची राजधानी. नदीला लोक 'गंगा' म्हणतात, शाळेच्या भूगोलात ती गोदावरी असते आणि ब्राह्मणांच्या पोथीत तिचे नाव 'गौतमी' असते.

याच नदीच्या दोन्ही तीरांवरील बौद्ध वस्त्यांत 1956 नंतर जी नावे पाळण्यात आली, त्यांत एक नाव ठळक आहे : गौतम. आज आजोबा झालेल्या पिढीत हे नाव आहे, शाळामास्तरांत आहे, ऊसतोडीला जाणाऱ्यांत आहे. हे नाव इतके आपले झाले आहे, की ते मुळात माणसाचे नावच नव्हते, ते कुळाचे नाव होते, आजच्या भाषेत सांगायचे तर आडनाव होते, याचा आपल्याला विसर पडला आहे. आडनाव पाळण्यातले नाव कसे झाले? आणि ज्यांना गोत्रच नाही असे शास्त्राने बजावले, त्यांनी एक गोत्रच आपल्या मुलाचे नाव म्हणून का उचलले? या प्रश्नांची उत्तरे केवळ व्युत्पत्तीत सापडत नाहीत. ती समाजाच्या इतिहासात शोधावी लागतात.

गायी आणि ढोरे

प्रथम अर्थ पाहू. बाजारात मिळणाऱ्या नावांच्या पुस्तकांत 'गौतम म्हणजे अंधार नाहीसा करणारा' असा अर्थ छापलेला असतो. अर्थ गोड आहे, पण तो व्याकरणात बसत नाही. मूळ शब्द 'गोतम'. त्यातला 'तम' हा अंधाराचा 'तमस्' नव्हे. 'उत्तम', 'प्रियतम' या शब्दांतला तो सर्वश्रेष्ठत्व दाखवणारा प्रत्यय आहे. 'गो' म्हणजे गाय किंवा बैल. तेव्हा 'गोतम' म्हणजे सर्वांत अधिक गोधन असलेला, किंवा बैलांमध्ये श्रेष्ठ. त्या गोतमाच्या वंशातला तो 'गौतम'. पाली भाषेत 'औ' हा स्वरच नाही, म्हणून तेथे पूर्वज आणि वंशज दोघेही 'गोतम'च.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात गोतम राहूगण या ऋषीची सूक्ते आहेत. गायींची संख्या हीच संपत्तीची मोजणी होती, त्या पशुपालक समाजातले हे नाव आहे. 'गोत्र' या शब्दाचा मूळ अर्थही गायींचा गोठा असाच सांगितला जातो. एका गोठ्यातली माणसे ती एका गोत्राची. म्हणजे 'गौतम' हे गोत्रनाम दुहेरी अर्थाने गोठ्यातून आलेले आहे.

आता या अर्थासमोर आपला इतिहास ठेवून पाहा. गावातले ढोर मेले की ते ओढून नेण्याचे काम कोणाचे? महाराचे. त्या मेल्या ढोराचे मांस, कातडे, हाडे हाच ज्याचा हक्क म्हणून गावाने ठरवला, त्याच्या दारात जिवंत दुभती गाय क्वचितच होती. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडा असे बजावले. त्यानंतर तीस वर्षांच्या आत त्याच समाजाने आपल्या मुलाचे नाव 'सर्वांत अधिक गायींचा धनी' असे ठेवले. ठेवणाऱ्या आई-बापांना हा अर्थ ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांच्या मनात एकच गौतम होता. तरीही इतिहासाने केलेला हा न्याय नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

गोत्र विचारणारा गौतम

'गौतम' नावाचे पुरुष प्राचीन वाङ्मयात अनेक आहेत, आणि ते सगळे आपले मित्र नाहीत.

धर्मसूत्रांपैकी फार जुने मानले जाणारे सूत्र गौतमाच्याच नावावर आहे. शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेले कथील आणि लाख ओतावी, त्याने वेद उच्चारला तर जीभ छाटावी, ही शिक्षा याच गौतमधर्मसूत्रात आहे. अहल्येला शाप देणारा ऋषी गौतम. गोदावरी ज्याच्यामुळे 'गौतमी' झाली, तोही पुराणातला गौतमच. गवताच्या काडीने गाय मेली, तिच्या पापातून मुक्त होण्यासाठी त्याने त्र्यंबकेश्वरी गंगा आणली, अशी ती कथा. न्यायसूत्रांचा कर्ता गौतम. महावीरांचा पहिला गणधर इंद्रभूती हाही गौतम गोत्राचा. नाव एकच आहे, पण त्याखाली कान बंद करणारा आहे आणि कान उघडणाराही आहे.

छांदोग्य उपनिषदातील एक गोष्ट या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. सत्यकाम नावाचा मुलगा शिकण्यासाठी निघतो. आपले गोत्र कोणते, असे तो आईला विचारतो. आई जबाला सांगते, की तरुणपणी ठिकठिकाणी चाकरी करीत असताना तू मला झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही. तू जबालेचा, म्हणून सत्यकाम जाबाल एवढेच सांग. मुलगा ज्या गुरूकडे जातो त्याचे नाव हारिद्रुमत गौतम. हा गौतम पहिलाच प्रश्न गोत्राचा करतो. मुलगा खरे ते सांगतो आणि गुरू त्याला पत्करतो. ही कथा उदारपणाचा दाखला म्हणून पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाते. पण गुरूने दिलेले कारण सहसा सांगितले जात नाही. ब्राह्मणावाचून कोणी इतके स्पष्ट बोलू शकणार नाही, असे तो म्हणतो. म्हणजे मुलाचे सत्यसुद्धा त्याचे स्वतःचे राहिले नाही. ते ब्राह्मण्याच्या खात्यावर जमा झाले. चाकरी करणाऱ्या बाईचा मुलगा खरे बोलू शकतो, एवढे साधे वाक्य त्या गौतमाच्या तोंडून निघाले नाही.

'तुझे गोत्र काय?' हा प्रश्न नाहीसा झालेला नाही. त्याने वेष बदलला आहे. वसतिगृहात, भाड्याची खोली शोधताना, नोकरीच्या पहिल्या दिवशी चहाच्या टेबलावर तो 'पूर्ण नाव काय?' असा येतो. नाव सांगितले तर 'आडनाव?' आडनावातून उलगडा झाला नाही तर 'गाव कोणते? कोणत्या गल्लीत?' मराठवाड्यात जाधव, पवार, गायकवाड ही आडनावे मराठ्यांतही आहेत आणि बौद्धांतही आहेत. तेथे हा प्रश्न एक पायरी पुढे जातो, पण थांबत नाही.

गोत्र नाकारणारा गोतम

आता ज्याच्यासाठी आपण हे नाव ठेवले त्याच्याकडे वळू.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट केले आहे, की बालकाचे नाव सिद्धार्थ आणि कुळाचे नाव गौतम. पाली त्रिपिटकाचे जुने थर पाहिले तर त्यांत 'सिद्धत्थ' हे वैयक्तिक नाव आढळत नाही. ते नंतरच्या ग्रंथांतून पुढे येते. जुन्या सुत्तांत जिकडेतिकडे 'गोतम' आहे. दीघनिकायातील महापदानसुत्तात बुद्ध आपले गोत्र गोतम असल्याचे सांगतात. सुत्तनिपातात मात्र शाक्यांचे गोत्र आदित्य असल्याचा उल्लेख येतो. शाक्य क्षत्रियांकडे ब्राह्मण ऋषीचे गोत्र कसे आले, याचा उलगडा विद्वान पुरोहिताच्या आधाराने करतात. राजन्यांनी आपल्या पुरोहिताचे गोत्र-प्रवर लावावेत असा श्रौतसूत्रांचा नियम होता. तसे असेल तर बुद्धाचे 'गौतम' हे नावसुद्धा उसने होते. पुरोहिताने यजमानाला दिलेला तो शिक्का होता.

या शिक्क्याचे बुद्धांनी काय केले, हे महत्त्वाचे आहे. सुत्तांत 'भो गोतम' अशी हाक मारणारे बहुधा ब्राह्मण आहेत. गोत्राने हाक मारणे ही त्या काळची बरोबरीची सभ्यता होती. अंगुलिमाल भेटल्यावर कोसलाचा राजा पसेनदीसुद्धा त्याला आधी आई-बापांचे गोत्र विचारतो आणि मगच आदराने संबोधतो. पण या हाकेत शरणागती नाही. शिष्य 'भन्ते' म्हणतात, 'भगवा' म्हणतात. धम्मचक्रप्रवर्तनाच्या वेळी पाच भिक्खूंनी नाव घेऊन आणि 'आवुसो' म्हणून हाक मारली, तेव्हा तथागताला असे संबोधू नका, असे बुद्धांनी त्यांना सांगितले, अशी महावग्गातील नोंद आहे.

अंबट्ठसुत्तातील प्रसंग तर गोत्राभिमानाची शस्त्रक्रियाच आहे. अंबट्ठ नावाचा ब्राह्मण तरुण शाक्यांना हीन म्हणून हिणवतो. बुद्ध त्याला शांतपणे विचारतात, तुझे गोत्र कोणते? तो 'कण्हायन' सांगतो. तेव्हा बुद्ध दाखवून देतात, की या गोत्राचा मूळपुरुष कण्ह हा शाक्यांचा पूर्वज ओक्काक राजा याच्या दासीचा मुलगा होता. अंबट्ठाची मान खाली जाते. त्याचे सोबती त्याच्यावर तुटून पडतात. पण बुद्ध तेथे थांबत नाहीत. दासीपुत्र म्हणून कण्हाला हिणवू नका, तो मोठा ऋषी झाला, असे ते त्या सोबत्यांना सांगतात. गोत्राची चौकशी लग्न जुळवताना होते. विद्या आणि आचरण यांच्या मोजमापात तिला जागा नाही, हा त्या संवादाचा निष्कर्ष. हारिद्रुमत गौतमाने दासीपुत्राला ब्राह्मण ठरवून आत घेतले. शाक्य गोतमाने दासीपुत्राला दासीपुत्र ठेवूनच मोठे म्हटले. दोघे एकाच गोत्रनावाचे, पण त्यांच्यातले अंतर मोजायचे झाले तर ते एका धर्माइतके आहे.

संघात प्रवेश घेणाऱ्यांविषयी बुद्धांनी दिलेला दाखला प्रसिद्ध आहे. महानद्या समुद्राला मिळाल्या की आपली नावे आणि गोत्रे टाकतात, तसे चारही वर्णांतून आलेले लोक संघात येऊन केवळ शाक्यपुत्रीय श्रमण होतात. गोदावरीच्या काठच्या माणसाला हा दाखला कळायला टीका लागत नाही. त्र्यंबकेश्वरी 'गौतमी' असलेली ही नदी शहागडखालून वाहते आणि पुढे समुद्रात तिचे नाव उरत नाही.

राजा, त्याची आई आणि एक लेणे

शहागडच्या वरच्या अंगाला पैठण आहे, म्हणून आणखी एका 'गौतमी'कडे वळणे भाग आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला सातवाहनांचा बलाढ्य राजा स्वतःला गौतमीपुत्र सातकर्णी म्हणवतो. त्याच्यानंतरचा वासिष्ठीपुत्र पुळुमावी. आईच्या गोत्रावरून राजाची ओळख सांगण्याची ही रीत होती. नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पुळुमावीच्या 19 व्या राज्यवर्षातला शिलालेख आहे. गौतमी बलश्रीने, म्हणजे सातकर्णीच्या आईने, ते लेणे भद्रायणीय पंथाच्या भिक्खूंना दान दिले. त्या लेखात ती आपल्या मृत मुलाची स्तुती करते.

ही स्तुती आपण डोळे उघडे ठेवून वाचली पाहिजे. शक, यवन, पह्लव यांचा नाश करणारा, क्षत्रियांचा गर्व उतरवणारा, आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा, अशी त्याची थोरवी तेथे कोरली आहे. ज्या भिंतीआड चारही वर्णांचे भिक्खू एकत्र राहणार होते, त्याच भिंतीवर वर्णसंकर थांबवल्याचा अभिमान! आमच्या तरुणांना सातवाहन काळाचा अभिमान वाटतो, तो रास्तही आहे. लेणी खोदली गेली, प्राकृताला राजमान्यता होती, व्यापार फुलला. पण दान देणारा हात आणि वर्ण राखणारा हात एकाच घरचा होता, हे विसरून चालणार नाही. राजाश्रयाने विहार उभे राहतात. त्याने जातीचा पाया खचतोच असे नाही.

याहून अधिक जवळचे वाटावेत असे पुरावे साध्या दात्यांचे आहेत. आजच्या जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील लोकांनी सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दिलेल्या दानांचे लेख आहेत. पितळखोऱ्याला पैठणच्या मित्रदेव नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे दान आहे. या दात्यांची ओळख अनेकदा गावावरून दिली जाते. आपल्या 'कर' लावलेल्या आडनावांची ही दोन हजार वर्षांपूर्वीची भावंडे. आणि बुधरखित, धमरखित, संघरखित अशी त्या काळच्या सामान्य बौद्ध स्त्री-पुरुषांची नावे सांची-भारहूतच्या दगडांवर उभी आहेत. धम्मावरून मुलाचे नाव ठेवणे ही 1956 ची नवी टूम नव्हे. तुटलेला धागा पुन्हा जोडला गेला, इतकेच.

नाव ठेवण्याचा कायदा

हा धागा मध्यंतरी कोणी तोडला? नाव ठेवण्याचाही एक कायदा होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तो आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे तुच्छतादर्शक. जोडनावही शूद्राचे सेवकत्व सांगणारे असावे. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जो ग्रंथ जळाला, त्यात हेही पान होते.

खेड्यात या नियमाला पोथीची गरज नव्हती. कचऱ्या, धोंड्या, दगड्या, उकिरड्या, भिक्या. येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. मुले जगत नसत म्हणून दृष्ट लागू नये यासाठी अशी नावे सवर्णही ठेवीत. खरे आहे. कचरू आणि धोंडू मराठ्यांतही होते आणि ब्राह्मणांतही. पण पाटलाच्या घरचा धोंडू मिसरूड फुटताच धोंडजी होई, ब्राह्मणाचा धोंडोपंत होई. महाराचा धोंड्या म्हातारपणी, काठी टेकताना, पाटलाच्या पोराच्या तोंडीही 'धोंड्या'च राही. प्रश्न मूळ नावाचा नव्हता. नाव वाढू द्यायचे की नाही, याचा होता. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (1978) लेखक दया पवार आणि दगडू मारुती पवार समोरासमोर बसतात, ते याच जखमेच्या काठावर.

आडनावाची तर आणखी निराळी कथा. निजामी दप्तरात माणूस 'अमुक वल्द तमुक' असे आणि पुढे जात. आडनावाचा रकाना बहुतेकांच्या आयुष्यात शाळेच्या दाखल्याबरोबर आला. बाबासाहेबांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. वडील रामजी मालोजी सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवाचे नाव दाखल झाले, आणि गावावरून आलेल्या आडनावाचे पुढे 'आंबेडकर' हे रूप जगाने ऐकले. गोत्र नसलेल्याला गावाने आडनाव दिले, आणि ते आडनाव आज विद्यापीठांच्या कमानींवर आहे.

पुस्तक, वास्तू, मूल

'गौतम' हे नाव आपल्या चळवळीत प्रथम शिरले ते पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र 1898 साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थिदशेतल्या भीमरावांना केळुसकरांनी ते भेट दिले. नंतर बौद्ध नावे आली ती वास्तूंवर : दादरचे 'राजगृह', 1946 चे मुंबईतील सिद्धार्थ महाविद्यालय, 1950 मध्ये औरंगाबादला सुरू झालेले आणि पुढे 'मिलिंद' म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय, त्याभोवतीचे नागसेनवन. 1956 च्या फेब्रुवारीत 'जनता' पत्राचे 'प्रबुद्ध भारत' झाले. आणि 14 ऑक्टोबर 1956 नंतर ही नावे पाळण्यात उतरली. हा क्रम पाहण्यासारखा आहे : आधी पुस्तक, मग घर आणि शाळा, मग मूल. ज्या समाजाला अक्षरबंदी होती, त्याच्या मुलांची नावे ग्रंथालयाच्या दारातून आली.

1951 च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. 1961 मध्ये ते सुमारे 27 लाख 90 हजार झाले. या आकड्यामागे घरोघरच्या बारशांचा एक मूक उठाव आहे. भटजीला न विचारता, पंचांगातले आद्याक्षर न पाहता, त्रिशरण-पंचशील म्हणून नाव ठेवायचे. मुलगा झाला तर गौतम, सिद्धार्थ, राहुल, आनंद, मिलिंद. मुलगी झाली तर सुजाता, यशोधरा, संघमित्रा, विशाखा, गौतमी. बायांनी पाळण्याची चाल तीच ठेवली, आणि रामकृष्णांच्या जागी बुद्ध आणि भीम आणले. दीक्षाभूमीवरील सोहळ्याचा इतिहास लिहिला गेला. या बारशांचा इतिहास अजून लिहिला गेलेला नाही.

नुसत्या नावाने काय होते, हा प्रश्न बाबासाहेबांनी स्वतःच उभा केला होता. 'हरिजन' या नावाला विरोध करून 1938 मध्ये ते आणि त्यांचे सहकारी मुंबई विधिमंडळातून बाहेर पडले. अस्पृश्यांनी हिंदू धर्मात राहून चोखामेळा, रविदासी, आदिद्रविड अशी नावे घेतली तरी पुढचा प्रश्न येतोच, आणि शेवटी जातीचे नाव सांगावेच लागते, असे त्यांचे विवेचन होते. नाव बदलायचे तर नावामागचा समाज बदलला पाहिजे, आणि तो धर्मांतराने बदलतो. म्हणून 'गौतम' हे केवळ नाव नव्हते. पुढच्या प्रश्नाला दिलेले ते उत्तर होते : जात कोणती? बौद्ध.

हे उत्तर गावाने स्वीकारले का? मराठवाड्याला याचे उत्तर रक्ताने लिहावे लागले. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि वस्त्या पेटल्या. एका पाटीवरच्या नावासाठी घरे जाळली गेली, पोचीराम कांबळे यांच्यासारखी माणसे मारली गेली. 'नावात काय आहे?' असे विचारणाऱ्यांना ते नाव लागू नये म्हणून मात्र पेट्रोल सापडले. सोळा वर्षांनी, 14 जानेवारी 1994 रोजी, नामविस्तार झाला. त्याच्या आधी अवघे काही आठवडे, 25 नोव्हेंबर 1993 रोजी, नांदेडला एका भीमसैनिकाने नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतले. त्याचे नाव गौतम वाघमारे. धर्मांतरानंतर पाळण्यात आलेले नाव एका पिढीत हुतात्म्यांच्या यादीत गेले.

आडनावाचे नाव झाले म्हणजे काय झाले?

उत्तर प्रदेशात हेच 'गौतम' नावाच्या शेवटी येते. तेथे ते ब्राह्मणांचे आडनाव आहे, राजपुतांच्या एका कुळाचे आहे, आणि बुद्धाचा वारसा सांगणाऱ्या असंख्य जाटवांनीही ते आडनाव म्हणून घेतले आहे. 1997 मध्ये मायावतींच्या सरकारने दिल्लीलगत गौतम बुद्ध नगर हा जिल्हा निर्माण केला. महाराष्ट्रात मात्र ते नावाच्या आरंभी आले. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. आडनाव वंशाकडून मिळते, ते मागून येते. पाळण्यातले नाव आई-बाप निवडतात, ते पुढे पाहते. गोत्र जेव्हा पाळण्यात आले, तेव्हा त्यातला वंशाचा अहंकार गळून पडला. आमच्या 'गौतम'चा मुलगा गौतम गोत्राचा नसतो. तो राहुल असतो, नाहीतर प्रशांत. एकेकाळी लग्न कोणाशी करायचे नाही हे ठरवणारा शब्द येथे केवळ हाक मारण्याचा शब्द झाला. ब्राह्मणांनी जपलेली वंशाची मोहोर आम्ही प्रेमाच्या हाकेत खर्च करून टाकली.

'हे तर संस्कृतीकरण झाले. वैदिक ऋषीचे नावच तुम्ही उचललेत', असे म्हणणारे काही अभ्यासू मित्र आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की शब्दाचा मालक तो नव्हे ज्याने तो प्रथम उच्चारला. ज्याने त्यात नवा आशय भरला तो. संस्कृतीकरणात माणूस वरच्या जातीचे गोत्र घेऊन त्या उतरंडीत एक पायरी वर सरकू पाहतो. येथे उतरंडच नाकारली आहे. आपल्या मुलाला गौतम म्हणणाऱ्या बापाने भारद्वाज किंवा वसिष्ठ हे नाव ठेवले नाही, कारण त्या नावांतून बुद्ध दिसत नाही.

मुलींच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. लग्नानंतर बाईचे मधले नाव बदलते, आडनाव बदलते. तिचे स्वतःचे म्हणून उरते ते पाळण्यातले नाव. महाप्रजापती गोतमीने कपिलवस्तूहून वेसालीपर्यंत पायी चालत जाऊन भिक्खुणीसंघाचा हक्क मागितला आणि मिळवला. पोर गमावलेल्या किसा गोतमीने मोहरीचे दाणे मागत घरोघर फिरून दुःखाचा अर्थ समजून घेतला. त्यांचे गोत्रनाव जिच्या पाळण्यातल्या नावात आहे, त्या मुलीचे 'गौतमी' सासरच्या आडनावाखाली पुसले जात नाही. महाराष्ट्र शासनाने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आधी आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव असा क्रम ठरवला. गौतमीपुत्राला आणि जबालेच्या सत्यकामाला जे ठाऊक होते, ते दाखल्यावर यायला इतकी शतके लागली. त्याआधी, 2020 च्या डिसेंबरात, वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचाही शासकीय निर्णय झाला. पाटी बदलली, हे चांगले झाले. विहीर, स्मशान आणि सोयरीक यांच्या पाट्या अजून बदलायच्या आहेत.

आजच्या तरुण आई-बापांत एक प्रवाह दिसतो. ज्या नावावरून काहीच कळणार नाही असे नाव ते शोधतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. मुलाला वर्गात पहिल्या दिवशी टोमणा ऐकावा लागू नये, ही इच्छा माणुसकीची आहे. पण ही इच्छा धरावी लागते, यातच समाजाची कसोटी आहे. नाव लपवल्याने प्रश्न थांबत नाही, तो आडनावाकडे सरकतो. आडनाव बदलले तर गावाकडे सरकतो. आणि जेव्हा सर्वच जातींत सिद्धार्थ आणि राहुल ही नावे सर्रास झाली आहेत, तेव्हा 'गौतम' मागे घेण्याचे कारण आपल्यालाच काय?

शहागडसारख्या गावांतल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एक काम करता येईल. शाळेतील जुनी दाखल-खारीज रजिस्टरे अजून शाबूत आहेत, तोवर ती उघडावीत. 1940 च्या सुमाराची नावे एका रकान्यात लिहावीत, 1960 ची दुसऱ्यात, 1980 ची तिसऱ्यात, आजची चौथ्यात. म्हाताऱ्या माणसांना विचारावे, तुमचे नाव कोणी ठेवले, पहिला गौतम कोणाच्या घरी आला, गावाने त्याला काय म्हणून हाक मारली. या चार रकान्यांतून जो इतिहास दिसेल तो कोणत्याही गॅझेटियरात नाही. वर्गात हजेरी घेताना मास्तर 'गौतम' म्हणतात आणि मुलगा उभा राहून 'हजर' म्हणतो, तेव्हा त्याचे गोत्र कोणीही विचारलेले नसते. तो उत्तर केवळ आपल्या नावाने देतो. वर्गाबाहेरही त्याला एवढ्यावरच ओळखले जावे, इतकीच या नावाची मागणी आहे, आणि ती अजून पुरी व्हायची आहे.